मागची पट्टी

चाकू विकायला तोंड लागतं, आणि तोंड मला देवानं दोन माणसांचं दिलंय. कल्याण स्टेशनातून बाहेर पडून गवताच्या वखारींकडे वळलं की डाव्या हाताला आमचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. पुढे फळीवर मी, मागे भट्टीवर आमचे हे. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नाही, पण तुमचा घोटाळा नको म्हणून एकदाच घेते: महिपत. लोहारकामात त्यांचा हात धरणारा ठाण्यापर्यंत कोणी नव्हता. बोलण्यात माझा नव्हता. हे दिवसाला दहा शब्द बोलायचे, उरलेले सगळे मी.

सन एक्कावन्नला आमच्या फळीवर मोठे घडीचे चाकू तीन जातींचे असायचे. पहिला विलायती, शिंगाच्या मुठीचा, अकरा रुपयांना. दुसरा लष्करी. लढाई संपली तेव्हा कॅम्पातलं सामान लिलावात निघालं होतं, त्यातले हे चाकू आम्ही विठ्ठलवाडीच्या एका सिंधी व्यापाऱ्याकडून आणायचो. काळी मूठ, पाठीला दाभणासारखा सुळा, दिसायला नुसता रेडा, किंमत साडेचार. आणि तिसरा ह्यांनी स्वतः घडवलेला, सव्वातीन रुपयांना. मोटारीच्या जुन्या कमानपाट्याचं पातं, शिसवी मूठ, आणि अशी धार की बघणाऱ्यानं बोट मागे घ्यावं.

माझा तमाशा ठरलेला असायचा. गिऱ्हाईक आलं की ओंडक्यावर चार इंची खिळा आडवा ठेवायचा, त्यावर आमच्या चाकूची धार टेकवायची आणि वरून हातोडा. खिळ्याचे दोन तुकडे, धारेवर ओरखडासुद्धा नाही. मग तोच मार विलायतीला. त्यासाठी मी एक जुना विलायती वेगळाच ठेवला होता, आधीच दाते पडलेला. बिचारा रोज मार खायचा. ‘साहेब गेला, आता त्याचा चाकू कशाला हवा?’ असं म्हटलं की लोक हसायचे आणि सव्वातीन रुपये काढायचे. वखारीतल्या निम्म्या गड्यांच्या कमरेला आमचाच चाकू होता. मला त्याचा केवढा गर्व, विचारू नका.

राघो हा गोपीनाथशेठच्या वखारीतला पारखी. शीळफाट्याच्या अलीकडच्या गावातला, चाळिशीचा, काटक माणूस. दुकानावरून गेला की माझी खोडी काढल्याशिवाय पुढे जायचा नाही. ‘रंगूबाय, आज किती खिळे मारलंस?’ मी म्हणायची, ‘तुझ्या तोंडात मारायला एक शिल्लक ठेवलाय.’ अशी आमची गंमत.

पारखीचं काम काय, ते मला तेव्हा माहीत नव्हतं. नाक्यावरच्या दुकानात जन्म गेला, रोज गवताच्या गाड्या दारावरून जायच्या, पण कधी विचारलं नाही. गवत दाबून गठ्ठे बांधतात, ते दगडासारखे घट्ट होतात. वरून वाळलेले दिसतात, पण आत ओल राहिली तर गवत आतल्या आत तापतं आणि एखाद्या दुपारी आपसूक पेट घेतं. म्हणून मुंबईच्या तबेल्यांना माल जायच्या आधी पारखी गंजीवर चढतो, गठ्ठ्यात चाकू मुठीपर्यंत खुपसतो, थोडा वेळ तसाच ठेवतो आणि बाहेर काढून पातं गालाला लावतो. पातं कोमट लागलं की गठ्ठा बाजूला. उघडा चाकू कमरेला खोचून गंजीवर चढता येत नाही, म्हणून त्याला घडीचाच लागतो. हे सगळं मला नंतर कळलं, तेव्हा कळून उपयोग नव्हता.

दसरा झाला होता, नवं गवत यायला लागलं होतं. राघो चाकू घ्यायला आला आणि त्यानं थेट विलायतीच उचलला. पातं अर्धं उघडलं, सोडलं, टक्क आवाज ऐकला. मग पुरतं उघडून पात्याच्या पाठीवर अंगठ्यानं दाबून पाहिलं. धारेकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही.

“यो घट हाय, रंगूबाय. मना यो दे.”

“अकरा रुपये वर आलेत का रे तुझे? घरचं सोन्यासारखं सोडून साहेबाचं उचलतोस, लाज नाही वाटत?” असं म्हणून मी खिळा काढलाच. चार माणसं जमली. हातोडा पडला, खिळा तुटला, लोक वा वा म्हणाले. राघो आपला अजून विलायतीच धरून उभा.

तेवढ्यात हे भट्टीवरून उठून दारात आले. “राघो, कामाला कशाला पाहिजे?”

हा प्रश्न मी विचारायला हवा होता. आणि मी काय केलं? राघोला तोंड उघडू न देता मीच म्हणाले, “कशाला म्हणजे? कापायला! चाकूनं काय कोणी भात कालवतं?” सगळे खो खो हसले. राघोही हसला. हे गुपचूप परत भात्यावर जाऊन बसले. राघोनं विलायती खाली ठेवला, सव्वातीन रुपये दिले आणि आमचा चाकू घेऊन गेला.

कार्तिक संपता संपता बातमी आली की राघोची बोटं गेली. उजव्या हाताची पहिली दोन, मधल्या पेरापासून. मी हळहळले, चार लोकांना सांगितलं, अरेरे म्हटलं. माझ्या मनाला शिवलंदेखील नाही की त्याच्याशी आपला काही संबंध असेल. गवत दाबायच्या यंत्रात सापडली असतील, असं मी धरून चालले.

मग एक दिवस त्याची बायको लक्ष्मी दुकानात आली. गावाहून पायी आली होती, पायांवर धुळीचे मोजे. तिनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि आमचा चाकू फळीवर ठेवला. हातात दिला नाही. हत्यार हातात देऊ नये, भांडण होतं, हे तीही पाळायची, मीही.

“याची मूठ जराशी जाड करून द्याल काय, बाय? तीन बोटांत धराया नाय येत त्यास्नी.”

“ह्यानं कापली?” मी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. गठ्ठा फार घट्ट होता, टोक आत अडकलं, हात जरा तिरका झाला आणि चाकू जोरात मिटला. मधे बोटं होती. राघो महिनाभर घरात बसून होता. रात्रंदिवस एकच घोकायचा, माजाच हात चुकला, वीस वर्सांत चुकला नाय तो आता कसा चुकला. डाव्या हातानं जेवायलासुद्धा लाजायचा. आणि गोपीनाथशेठ म्हणाले होते की राघो प्यायलेला असणार. दारूबंदीचा काळ तो, नुसता संशय पुरे. प्यायलेला माणूस गंजीवर नको, एक चूक झाली तर अख्खी वखार पेटेल. सोमवारी ते दुसरा पारखी ठेवणार होते.

“पण चाकू मिटला म्हणून सांगितलं नाही शेठला?”

“सांगितला की. शेठ बोलतात, रंगूबायचा चाकू मी खिळा तोडताना पाहिलाय. त्यो दगा देनार नाय. मान्सानंच दगा दिला.” लक्ष्मीनं डोळे पुसले नाहीत, पदरानं चाकूच पुसला. “हे पन तेच बोलतात, बाय. चाकू चांगला हाय, दोष माजा.”

मला एवढा संताप आला की मी तिच्यावरच ओरडले. “चांगला आहे, चांगला आहे काय लावलंस? डोळे फुटले का तुमचे सगळ्यांचे? नवऱ्याची बोटं खाल्ली ह्यानं आणि तू मूठ जाड करून मागतेस? शिव्या दे की मला!” ती घाबरून मागे सरली. मग मीच तिला बसवलं, पाणी दिलं, आणि मूठ बदलून देते म्हणून सांगून घरी पाठवलं. खरं तोंडाला आलं होतं, पण बाहेर पडेना. आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड बंद पडलं होतं.

खरं काय होतं ते सांगते. घडीच्या चाकूचा जीव पात्यात नसतो, मागच्या पट्टीत असतो. मुठीच्या पाठीला पोलादाची एक चपटी पट्टी असते, ती पात्याच्या टाचेला दाबून धरते. ती कडक असेल तर पातं उघडं राहतं, मऊ असेल तर मिटतं. हे आधी पट्टीही मोटारीच्या पाट्याचीच बसवायचे. तेव्हा आमचा चाकूही साडेचारला पडायचा, लष्करीएवढाच, आणि गिऱ्हाईक लष्करी घेऊन जायचं. दोन वर्षांपूर्वी मीच ह्यांना म्हटलं होतं, “अहो, मागची पट्टी कोण बघतंय? पिंपाच्या पत्र्याची पट्टी लावा की, स्वस्त पडेल. पातं मात्र तेच ठेवा.” हे नको म्हणाले होते. आठ दिवस नको म्हणत होते. नवव्या दिवशी मी जिंकले.

ह्यांनी आतून सगळं ऐकलं होतं. ते बाहेर आले, चाकू उचलला, उघडला, आणि पाठीवर अंगठा दाबला. मग एक शब्द बोलले. “पिंपाची.”

त्या दुपारी आम्ही दुकानाचं दार लावून घेतलं. मेजावरच्या शिकंज्यात एकेका चाकूची मूठ आवळली, पातं बाहेर, धार खाली, पाठ वर. पाठीवरून काथ्याची दोरी टाकून तिला तराजूचं पारडं लटकवलं आणि वजनं टाकत गेलो. इतकी वर्षं मी चाकू विकत होते आणि अशी परीक्षा मी पहिल्यांदाच बघत होते. विलायतीनं पाचशेरी पेलली, सात शेराला मिटला. लष्करी रेड्यावर दहा शेर चढवले तरी तो हलेना, शेवटी दोरीच तुटली. साडेचार रुपयांचा काळा, बेढब चाकू अकरा रुपयांच्या साहेबाला भारी पडला. आणि आमचा? एक शेर ठेवला, थरथरला. दुसरा ठेवताना माझा हात अजून वजनावरच होता, तोच खटकन मिटला.

हे ओंडक्यावर बसून राहिले. ह्यांचं काम कोणी हलकं म्हटलं नव्हतं कधी, आणि आज ते हलकं निघालेलं हे स्वतःच्या डोळ्यांनी बघत होते. मला वाटलं, आता माझ्यावर ओरडतील, हातोडा फेकतील. फेकला असता तर मला बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, “सोमवारी वखारीत नेऊ.”

“सगळं?” मी विचारलं. “शेठपुढे? अहो, दुकान बसेल. मी एकटी जाते, काहीतरी सांगते, राघोचं काम होईल असं बोलते.”

“चाकू माझा आहे, रंगू.”

सोमवारी सकाळी आम्ही निघालो. ह्यांच्या खांद्यावर शिकंजा, माझ्या डोक्यावर पाटीत तराजू आणि वजनं. वखारीत गडी गाडी भरत होते. राघो शेवटचा हिशेब घ्यायला आला होता, लक्ष्मी त्याच्या मागे. हात त्यानं धोतराच्या सोग्यात गुंडाळलेला. मला बघून त्यानं खोडी काढली नाही, मान खाली घातली. चोरी ह्यानं केल्यासारखी! माझा जीव तळमळला.

गोपीनाथशेठ काही दुष्ट माणूस नव्हता, हेही सांगायला हवं. तीन वर्षांपूर्वी त्याची एक गंजी जळाली होती, तेव्हापासून तो धूर दिसला तरी उठून उभा राहायचा. “काय रंगूबाई, आज दुकान डोक्यावर घेऊन आलीस?” तो म्हणाला.

“शेठ, राघो प्यायला नव्हता.”

“तू होतीस का तिथे?”

“मी नव्हते. माझा चाकू होता.”

ह्यांनी गाडीच्या लाकडी चौकटीला शिकंजा आवळला. पहिला लष्करी लावला, दहा शेर, हलला नाही. मग विलायती, पाचशेरी, हलला नाही. गडी काम सोडून भोवती जमले. मग राघोचाच चाकू लावला. मी जवळच्या कुंपणाची बाभळीची एक काडी मोडली, बोटाएवढी जाड, आणि राघोची बोटं जिथे असतील तिथे, मुठीखाली आडवी धरली. ह्यांनी एक शेर ठेवला. दुसरा ठेवला. पातं खाली आलं आणि काडीचे दोन तुकडे झाले. एक तुकडा माझ्या हातात, एक शेठच्या पायाशी.

शेठनं तुकडा उचलून पाहिला. “हा तोच चाकू ना? तू घसा फोडून विकतेस तो? माझ्यासमोर खिळा तोडलास तो?”

“तोच. खिळा तोडतं ते पातं, शेठ, आणि पातं आजही सोन्यासारखं आहे. पण मिटू नये म्हणून मागे जी पट्टी लागते ती आम्ही पिंपाची लावली, सव्वातीन रुपयांत बसवायला. ह्यांना नको होती. मी लावायला लावली. राघो त्या दिवशी विलायती मागत होता, पाठीवर दाबून बघत होता, त्याला कळत होतं. मी लोकांसमोर त्याची चेष्टा केली आणि हा गळ्यात मारला. काय कामाला हवा ते विचारलंसुद्धा नाही, ह्यांनी विचारलं तर त्यांनाही गप्प केलं.” मी हातातला काडीचा तुकडा शेठपुढे धरला. “दुसऱ्या पारख्याला हाच चाकू दिलात तर त्याचीही बोटं जातील. आणि शेठ, गठ्ठा गालानं पारखतात, बोटांनी नाही. गाल राघोचा शाबूत आहे.”

भोवतालच्या गड्यांनी आपापल्या कमरेचे चाकू काढले आणि पाठीवर अंगठे दाबून बघायला लागले. एकाचा मिटला. मग दुसऱ्याचा. ती खट खट मला अंगावर छडी मारल्यागत लागत होती. हे पुढे झाले आणि म्हणाले, “सगळे दुकानात आणा. पट्टी बदलून देतो. पैसे नकोत.” ह्यांच्या मानानं ते मोठं भाषण होतं.

गोपीनाथशेठनं काडीचा तुकडा बोटांत फिरवला. मग त्यानं तो टाकला. “राघो, तुला मी प्यायलेला म्हटलं, ते मागे घेतो. डाव्या हातानं जमेल?”

“जमंल,” राघो म्हणाला.

“मग चढ गंजीवर. दुसरा माणूस येणार नाही. आणि रंगूबाई, तो लष्करी त्याला दे. पैसे माझ्याकडून घे.”

“शेठ, याचे पैसे घेतले तर मला नरकातही जागा मिळायची नाही,” मी म्हटलं आणि लष्करी चाकू पाटीतून काढून गाडीवर ठेवला, त्यानं उचलावा म्हणून.

राघोनं तो उचलला नाही. तो माझ्याकडेच बघत होता. मी वाट पाहत होते, की आता बोलेल. शिव्या देईल, देऊ दे. थुंकेल, थुंकू दे. माझी तयारी होती. पण त्याच्या तोंडावर राग नव्हताच. होतं ते, एखाद्याला खूप दिवसांनी घरचा रस्ता सापडावा तसं काहीतरी.

“रंगूबाय,” तो म्हणाला, “पुन्ना सांग.”

“काय सांगू रे?”

“त्येच. चाकू मिटला त्येचं.”

“पट्टी मऊ होती, राघो. दोन शेराला मिटते. तुझ्या जागी कोणीही असता तरी मिटला असता.”

तो खाली बसला, तिथेच, गवताच्या काड्यांत. सोगा सुटला आणि तो तुटका हात पहिल्यांदा सगळ्यांसमोर उघडा पडला. त्यानं तो झाकला नाही. तो हात वर धरून तो बायकोकडे वळला आणि ढसाढसा रडत म्हणाला, “लक्ष्मे, ऐकलंस ना? माजा हात नाय चुकला. माजा हात चुकलाच नव्हता.”